द्वारकाबाईंनी सोडलेली गोळी

भाविक श्रोतेजनहो! पूर्वरंग आपण शांतचित्ते श्रवण केलात. आता उत्तररंगी हा सेवक आपणांपुढे एका बांगड्या भरणाऱ्या बाईचे आख्यान निवेदन करणार आहे. यात राजा नाही, राक्षस नाही, युद्ध तर मुळीच नाही. यात आहे एक गोळी — औषधाची! तरी टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवावेत आणि मागे चाललेल्या गप्पांनी थोडी विश्रांती घ्यावी, ही नम्र प्रार्थना.

आरंभी एकच प्रश्न. देवासाठी अन्न सोडले, त्यास आपण उपवास म्हणतो. पण परवडत नाही म्हणून कोणी औषध सोडले आणि देवाचे नाव पुढे केले — त्यास काय म्हणावे? भक्ती म्हणावे? त्याग म्हणावे? उत्तराची घाई करू नका, मंडळी. मीही एकदा घाई केली होती. ते पुढे येईलच.

तर ऐका! बोरकिन्ही या बाजारगावी, कासारआळीत, द्वारकाबाई नावाची कासारीण राहत असे. वय साठीच्या पलीकडे. हात असा हलका, की घट्टातली घट्ट बांगडी मनगटात शिरावी आणि लेकीबाळीला कळूही नये! चुडा भरून झाला की नवरी आधी कासारणीच्या पाया पडते, ही आपली रीत. त्यामुळे गावातल्या निम्म्या बायका तिच्या पाया पडलेल्या. तिचा शब्द म्हणजे घरच्या वडीलधाऱ्याचा शब्द!

एके दिवशी द्वारकाबाईंच्या छातीत कळ आली. तालुक्याला नेले. डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत बारीक जाळी बसवली, जीव वाचला. निघताना डॉक्टर म्हणाले, "मावशी, ही गोळी रोज. एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवलीत तर जाळीत रक्ताची गाठ होईल."

पण गोळी महाग! मुलगा मधुकर सायकलच्या दुकानात कामाला. एकदा तो सून कमलला हळूच म्हणाला, "पोरीची शाळेची फी राहू दे या महिन्यात. आईची गोळी आधी."

भिंत पातळ, मंडळी. गरिबाच्या घरी भिंत पातळच असते. द्वारकाबाईंनी ऐकले. नातीचे दप्तर खुंटीला लटकलेले पाहिले. आणि त्या माउलीने मनाशी काय ठरवले?

दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "कमल, आज माझा सोमवार. पोटात काही जायचं नाही. गोळीसुद्धा नाही."

"अहो आई, औषधाला कसला आलाय उपास?"

"तुला नाही कळायचं. देवाचं देवाशी!"

झाले! सोमवारामागून गुरुवार आला, गुरुवारामागून शनिवार. मग चतुर्थी, मग एकादशी. नाहीतर आपला उपवास पाहा — साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळ्याचे शिकरण; रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच! या बाईचा उपवास मात्र खरा कडक. एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरू लागल्या. जिना चढताना धाप लागे, तेव्हा ती भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहण्याचे निमित्त करून थांबे.

आणि गाव काय म्हणाले? "काय ही निष्ठा!" आता माझी घाई ऐका. गेल्या रामनवमीस मी याच चौरंगापाशी उभा राहून द्वारकाबाईंचे नाव घेऊन सांगितले — "पाहा ही बाई! देहाची पर्वा नाही, औषधाचीही नाही!" आपण टाळ्या वाजवल्यात. ती खाली मान घालून बसली होती. मला वाटले, विनय आहे!

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत सारजा होती. सुताराची सून, सातवा महिना, आणि लहानपणापासून फिटांचा आजार. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा भरायला ती द्वारकाबाईंकडे आली.

"सैल सोड गं हात," द्वारकाबाई म्हणाल्या. "हात आहे की सुताराचं लाकूड?"

सारजा हसली. "काकू, एक सांगू? मीसुद्धा तुमच्यासारखा सोमवार धरलाय. काल फिटांची गोळी घेतलीच नाही. गुरुवारीही सोडणार. देव माझ्या बाळाला सांभाळील ना?"

द्वारकाबाईंच्या बोटांतली बांगडी कट्कन फुटली. चाळीस वर्षांत त्या हातून अशी बांगडी कधी फुटली नव्हती!

मंडळी, त्या घटकेला तिच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहावे, तर अब्रू शाबूत, गावातला मान शाबूत, नातीची शाळाही शाबूत. बोलावे, तर सून शेजारीच बसून मणी ओवते आहे. सारे उघडे पडणार!

ती बोलली. "पोरी, उठ. घरी जा आणि आधी गोळी घे. तुझा माझा देव एकच आहे, पण माझा उपास खोटा आहे गं! गोळी परवडत नव्हती, म्हणून देवाला मधे घातलं मी."

सारजा चुडा अर्धाच ठेवून उठली. कमलच्या हातचे मणी घरभर सांडले. "आई! अहो, आम्ही काय परके होतो?"

"परके नाही, म्हणूनच लपवलं."

त्याच दुपारी कमलने सासूला एसटीत बसवले. डॉक्टरांनी सगळे ऐकले. सारजाला आजच्या आज इकडे पाठवा म्हणाले — ती त्याच संध्याकाळी गेलीही — आणि मग रागावले. "मावशी, परवडत नाही हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आमचे देव, साहेब. देवाला भाव कसा विचारायचा?"

"देवाला नका विचारू. मला विचारा!"

त्यांनी चिठ्ठी बदलून दिली. तेच औषध, फक्त कंपनीच्या भारी नावाऐवजी साध्या नावाचे. स्टँडसमोरच्या सरकारी स्वस्त दुकानात निम्म्याहून कमी दरात मिळणारे. उरलेल्या खर्चासाठी दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी मदतीचा अर्ज भरून घेतला. इतकेच! जो मार्ग एका प्रश्नाच्या अंतरावर होता, त्यासाठी ती आठ महिने जिवावर उदार झाली होती.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. तो उपवास नव्हता, सज्जनहो. ती लाज होती, आणि तिला आपण भक्तीचे वस्त्र नेसवले. द्वारकाबाई एकटी चुकली. टाळ्यांनी ती चूक आपण गावभर वाटली. त्यात पहिला दोषी हा चौरंगापाशी उभा असलेला इसम! द्वारकाबाई, आपण समोर बसला आहात. आपली क्षमा मागतो.

आणि आपण? आपल्या घरी कोणी गोळी अर्धी करून घेत नाही ना? "आता बरं वाटतंय" म्हणून कोणी थांबवली नाही ना? कोणाची महिन्याची गोळी दोन महिने पुरते आहे, हे पाहिलेत कधी? आज आरती झाल्यावर प्रसाद घेण्यापूर्वी घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा. उत्तर "हो हो, घेतली" असे आले, तरी पुन्हा विचारा.

अल्पशिक्षित माणसाचे हे बोल आपण गोड मानून ऐकलेत आणि पुढे हे कीर्तन लिहून काढल्यावर ज्यांच्या हाती ही पाने पडतील ते वाचतील, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. आपला सेवक, सदाशिव रामजी लोहोकरे, आपणां सर्वांस हात जोडून धन्यवाद देतो.