पिरथीच्या वजनाचा गूळ

बायडाबाई : एकशे पाच? कुणाचं एकशे पाच?

शेफाली : ह्यांचंच, आई. गूळ किती सांगू म्हणून तुम्हीच विचारलंत ना? एकशे पाच किलो पुरे.

बायडाबाई : माजा पिरथी एकशे चाळीसला दोन कमी हुता. आपरेशनला नेला तवा दवाखान्याच्या काट्यावर म्या डोळ्यानं बघितलंय.

शेफाली : त्याला चार महिने झाले. हर्नियाच्या ऑपरेशननंतर पथ्य असतं, उतरतं थोडं वजन.

बायडाबाई : थोडं? सूनबाई, तेवढ्यात आपली चिमुरडी स्वराली दोनदा बसून वर उरंल.

शेफाली : आई, मी जरा दोडक्याची भाजी बघते. करपेल.

बायडाबाई : गॅस मगाशीच बंद केलाय म्या. बस हितं.

शेफाली : बसले. बोला.

बायडाबाई : त्येला आत नेला, तवा म्या भैरवनाथाला बोलले. पोरगं चालत घरी येऊ दे, त्येच्या वजनाचा गूळ वाटीन. मंगळवारी जत्रा हाय. देवळापुढं तराजू टांगत्यात, एका पारड्यात माणूस, एका पारड्यात गूळ. सगळं गाव बघतं. आन ह्यो म्हणतो, आई, मला सुट्टी न्हाई. बिबवेवाडीवरनं धायरीला यायला काय इमान लागतंय?

शेफाली : कामं असतात त्यांना.

बायडाबाई : चार महिनं? फोनवर नुसतं तोंड दावतो, ते बी अंधारात. म्हणून म्हटलं आपणच जावं. तर हितं आल्यापास्नं बघतीया, मोरीच्या जाळीत केसच केस. तुजं न्हाईत. आखूड हायत.

शेफाली : तुम्ही बाथरूमची जाळी तपासलीत?

बायडाबाई : साफ केली. तुमच्याकडं ते काम कामवालीची वाट बघत बसलं हुतं.

शेफाली : आणि कपाट? तेही साफच केलंत वाटतं. माझ्या साड्यांच्या घड्या उलट्या लागल्यात.

बायडाबाई : कपाटात काय गावलं न्हाई. मिक्सरच्या मागं गावलं. ह्या एवढाल्या गोळ्या, आन कसल्या पिठाचा डबा.

शेफाली : जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत त्या. आणि प्रोटीन.

बायडाबाई : मग मिक्सरमागं कशाला? जीवनसत्त्व काय चोरून खात्यात? काल रातच्याला म्या त्येला तीन भाकरी वाढल्या. एक तुकडा घेतला, चघळला, चघळला, म्हातारं माणूस बरं. बाकीच्या माजी नजर चुकवून पोरीच्या ताटलीत. तरी म्या अजून अर्धी घातली, ती खाल्ली बिचाऱ्यानं. मग मोरीत जाऊन ओकला. नळ सोडला हुता मोठ्ठा, पर आईला कळतंय.

शेफाली : तुम्ही घातलीत म्हणून खाल्ली त्यानं! आई, कधीतरी विचारावं हो, किती वाढू म्हणून. तुम्ही आपल्या वाढतच जाता.

बायडाबाई : आईनं इचारून वाढायचं? खानावळ हाय का ही?

शेफाली : राहू दे.

बायडाबाई : ऱ्हाऊ कसं दे? लिफ्ट बंद हाय सकाळपास्नं. पोरीला घेऊन खाली गेलाय बागेत. चार मजलं कसा चढंल परत? तुला हाय का काळजी?

शेफाली : चढेल तो.

बायडाबाई : शेफाली, माज्याकडं बघ. किती दिवस दिल्यात डाक्टरनं?

शेफाली : काय?

बायडाबाई : किती दिवस हायत त्येच्याकडं?

शेफाली : आई! हे काय भलतंच!

बायडाबाई : मला खुळी समजू नगंस. त्येच्या बापाचं असंच झालं हुतं. आदी कापडं ढिली झाली. मग जेवण सुटलं, मग केस. माज्या दिरांनी सांगितलं, वहिनी, दादाला अल्सर हाय, तिखट कमी घाला. म्या आपली तिखट कमी घालून कालवण करतीया, गूळ-तूप भरवतीया. सगळ्या गावाला ठावं हुतं कॅन्सर हाय म्हणून. पाण्याला आलेल्या बाया मला बघून गप व्हायच्या. बायकूच तेवढी आंधळी. म्या त्येंच्यासंगं धड बोललेबी न्हाई गं शेवटचं. उद्या बोलू म्हणून ऱ्हायलं.

शेफाली : आई…

बायडाबाई : ह्या टायमाला तरी मला सांगा. म्या रडणार न्हाई. तुज्या गळ्याची शपथ.

शेफाली : त्याला कॅन्सर नाही. काही म्हणजे काही नाही.

बायडाबाई : मग शपथ घे पोरीची.

शेफाली : स्वरालीची शपथ. आणि आता ऐका, मग मला काय बोलायचं ते बोला. ते ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं.

बायडाबाई : म्हणलंच म्या.

शेफाली : वजनाचं होतं. जठर लहान करतात. पोटाला बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून. मोठा भाग काढून टाकतात, केळ्याएवढं ठेवतात. म्हणून थोडक्यात पोट भरतं. केस गळतात मधे काही महिने, ते परत येतात.

बायडाबाई : चांगलं पोट कापलं?

शेफाली : चांगलं नव्हतं, आई. चौतिसाव्या वर्षी शुगर, बीपी, लिव्हरला चरबी…

बायडाबाई : खात्यापित्या घरचं अंग ते! तालमीतली पोरं वळून बघायची त्येच्याकडं. कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? तुज्या? लाज वाटत हुती व्हय तुला, त्येच्यासंगं चार माणसांत जायला?

शेफाली : लाज? भीती वाटायची मला! झोपेत घोरता घोरता श्वास बंद व्हायचा त्याचा. एकदम शांत. मी गदागदा हलवायची, मग कुठे सुरू. स्वराली पोटात होती तेव्हापासून मी नीट झोपलेली नाही. बाळ उठवायचं ते वेगळं आणि ही धास्ती वेगळी.

बायडाबाई : कमी खायचं मग. उपास करायचं.

शेफाली : केले की. डाएट झालं, जिम झालं. दहा उतरायचे, बारा चढायचे. डॉक्टर म्हणाले, हा आळस नाही, आजार आहे, स्वतःला शिव्या देऊ नका. तेव्हा हा बाहेर गाडीत बसून रडला. तुमचा पैलवान.

बायडाबाई : आन मला का न्हाई सांगितलं?

शेफाली : मला शपथ घातली होती. म्हणाला, बाबा गेल्यावर आईनं स्वतः अर्धपोटी राहून मला भरवलंय. त्याच पोटावर सुरी चालवून घेतली, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? विश्वास बसत नाही? फाइल आणते. बघा तुम्ही.

बायडाबाई : नगं. फायल त्येंची बी हुती. दीर माज्यापुढं धरायचं आन म्हणायचं, बघा, अल्सर लिवलंय. कागद काय, धरंल त्येच्या बाजूनं बोलतो.

शेफाली : मग मी कसं पटवू तुम्हाला?

बायडाबाई : तुजं पटावं असं लई वाटतंय. म्हणूनच भ्या वाटतंय. थांब. जिन्यात कोण हाय?

शेफाली : स्वराली गातेय.

बायडाबाई : एकटीच?

शेफाली : एकटी कशी येईल? बाबा आहे ना तिचा.

बायडाबाई : मग धाप कुठाय?

शेफाली : कसली?

बायडाबाई : त्येची. पिरथी जिना चढाय लागला की दुसऱ्या मजल्यापास्नं भाता ऐकू यायचा. तिसऱ्यावर टेकायचाच. बसलाय का बघ.

शेफाली : नाही बसला. ऐका ना, येतायत वर.

बायडाबाई : पोरगी चालतीया?

शेफाली : छे. तिचा आवाज बघा कुठून येतोय. खांद्यावर बसलीय.

बायडाबाई : खांद्यावर घिऊन? त्येच्या बापाला तर शेवटी वसरीची पायरी चढवत नव्हती गं.

(बेल वाजते. बायडाबाईच दार उघडतात.)

पृथ्वीराज : आई, तू कशाला उठलीस? स्वरा, उतर आता, आजीकडे जा. काय गं, डोळे का लाल?

बायडाबाई : कांदा चिरला.

पृथ्वीराज : दोडक्यात कांदा?

बायडाबाई : माज्या दोडक्यात असतो. हितं ये. सदरा वर कर.

पृथ्वीराज : काय?

बायडाबाई : वर कर म्हणते ना. लहान असताना लाजत नव्हतास. … एवढीच भोकं?

पृथ्वीराज : शेफाली, तू सांगितलंस?

शेफाली : त्यांना वाटत होतं, तू मरतोयस.

पृथ्वीराज : आई… अगं आई, तसं नाही काही…

बायडाबाई : दुखतं का अजून?

पृथ्वीराज : नाही.

बायडाबाई : मंगळवारी तराजूत बसायचं. गूळ एकशे पाचच आणायचा. नाथाला म्या तुजं वजन बोलले हुते. कवाचं, ते न्हवतं बोलले.

पृथ्वीराज : गावासमोर? लोक नाही नाही ते विचारतील.

बायडाबाई : इचारू देत. तुज्या बापाच्या टायमाला गावाला ठावं हुतं आन मला न्हवतं. आता मला ठावं हाय. गावाचं गाव बघंल.

पृथ्वीराज : आई, मी सांगणार होतो…

बायडाबाई : हात धू. बस पानावर. भाकरी किती वाढू?

पृथ्वीराज : अं?

बायडाबाई : ऐकाय बी कमी येतंय का आपरेशननं? किती वाढू?

पृथ्वीराज : थोडी.

बायडाबाई : थोडी म्हंजी केवढी, मला काय कळतंय? धर भाकरी. तूच मोड.