बाबांना कॅपिटॉल दाखवायला आणलं

...नाही हो, बसा ना, जागा आहे की. ती पिशवी माझीच, घेते मांडीवर. हॅमची सँडविचं आहेत, बाबांसाठी. बाहेर खायला नेलं की कुरकुरतात – एवढ्या पैशात अख्खं डुक्कर आलं असतं म्हणतात! तुमचेही त्याच घोळक्यात गेलेत का? आमचे ते बघा, जिन्याशी, उंच, काळा कोट, टोपी हातात धरलेली – माहिती सांगणाऱ्या मुलीला अगदी चिकटून चाललेत. मी म्हटलं, तुम्ही जा, माझे पाय दुखतायत. पाय कसले दुखतायत – भावाला फोन करायचा होता. तो कोट आई गेली तेव्हा घेतलेला. सकाळी स्वतःच कपाटातून काढला. म्हणाले, लोरीन, सगळ्या आयोवाचं घर आहे ते, तिथं शेतातल्या कपड्यांत जायचं नसतं.

बाबा चौथीत असताना त्यांच्या शाळेची सहल इथं कॅपिटॉलला, राज्याच्या या विधानभवनात, आली होती, आणि नेमका यांना गोवर. पोरं सोन्याचा घुमट बघून आली आणि वर्षभर यांना खिजवत बसली. मग शेत आलं, गाई आल्या, मग आम्ही दोघं – गाडीनं दोन तासांवर हे डी मॉइन शहर, पण राहूनच गेलं. म्हणून म्हटलं, चला, दाखवते. मघाशी घुमटाखाली उभे राहून मान वर करून इतका वेळ बघत होते, की मलाच धरावं लागलं, पडतील म्हणून... चांगलं केलं? नका म्हणू तसं. खरंच नका म्हणू. सकाळपासून जो तो हेच म्हणतोय.

आम्ही इथून घरी जाणार नाही आहोत. म्हणजे मी जाईन, ते नाही. वृद्धाश्रमात खोली घेतलीय त्यांच्यासाठी. माझा भाऊ डुएन आत्ता, या घटकेला, त्यांचा पलंग तिथं लावतोय, खुर्ची नेतोय, आईचा फोटो भिंतीवर टांगतोय – फोनवर विचारत होता, खिडकीकडे टांगू की दाराकडे? मी काय सांगणार, कपाळ! आणि बाबांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. माझी एक मैत्रीण आहे, तिनं असंच केलं – म्हणाली, सांगू नकोस, फिरायला जातोय म्हण, मग त्रास देत नाहीत. लहान मुलांना दवाखान्यात नेतात ना, तसं.

मघाशी दारात बाबा तुमच्याशी बोलत होते, तुम्हालाही बोलावलं असेल ना त्यांनी? जुलैत या, मका खायला? वाटलंच मला. त्या माहिती सांगणाऱ्या मुलीला बोलावलं, दारावरच्या पोलिसाला बोलावलं – चर्चवरून डावीकडे वळा, लाल कोठार दिसेल, अर्ध्या तासापूर्वी तोडलेली कणसं खाऊ घालतो म्हणाले. आणि मी शेजारी उभी. हसत! हो हो, नक्की या, म्हणाले मीसुद्धा. जीभ झडली नाही माझी.

विसरतात हो. विसरतात, शेगडी चालू ठेवतात, सगळं आहे. पण डुएन म्हणत होता, एक हिवाळा काढू, मदतीला बाई ठेवू, मी रविवारी येत जाईन. मीच हटून बसले. नको म्हटलं, आत्ताच्या आत्ता...

मनगट? त्यांचं ते सुजलेलं पाहिलंत होय तुम्ही. ते... पडले ते. पायरीवरून. त्यांनी सांगितलं ना तुम्हाला, पायरीवरून पडलो म्हणून?

नाही पडले.

आंघोळीला चला म्हणत होते मी. शर्टाची बटणं काढू देईनात. मला ओळखत नव्हते त्या दिवशी, म्हणाले, परक्या बाईसमोर मी कपडे काढणार नाही, माझ्या बायकोला बोलवा, अर्डिसला बोलवा. आई जाऊन तीन वर्षं झाली. मी समजावलं, परत समजावलं, पाणी गार झालं, परत तापवलं – आणि मग मला काय झालं कोण जाणे, मनगट धरलं आणि पिळलं. जोरात. सोडता आलं नाही असं नाही, सोडलं नाही मी. ओरडले नाहीत हो ते. नुसतं म्हणाले, 'माफ करा, बाई.' मला! माझे वडील!

डॉक्टरांना मी सांगितलं, पायरीवरून पडले. तर यांनी मान हलवली, हो, पायरीवरून. तेव्हापासून ज्याला त्याला तेच सांगतात. आता ते खरंच विसरलेत, की मला पाठीशी घालतायत – कसं कळायचं? विचारू कसं? आज सकाळपासून लोरीन, लोरीन करतायत, एकदाही चुकले नाहीत. ओळखतात त्या दिवशीच मला जास्त भीती वाटते. डुएनला म्हटलं, बाबांना आता जमत नाही. बाबांना कसलं, मला जमत नाही! मला माझ्याच हाताची भीती वाटते. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी, भावालासुद्धा नाही, आणि तुम्हाला – तुमचं नावही माहीत नाही...

आले वाटतं. बाबा! इकडे, इकडे! कसं होतं? असं? सभागृहात बसू दिलं? खुर्चीत? अरे वा... निघायचं म्हणता? नाही, थांबा जरा. आधी बसा. तिथं नाही, माझ्याजवळ बसा, हात द्या इकडे. नाही, दुखवत नाही. या बाई होय? नाही, ओळखीच्या नाहीत.

बाई, रागावू नका, पण तुम्ही दुसरीकडे बसाल का? मला यांच्याशी बोलायचंय.