पहिल्या पत्त्यावर गेलेली पत्रं

समारंभाच्या अध्यक्षा श्रीमती थेल्मा बर्बरी, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती मेरिन ओल्डेकर, आणि बोलिंग क्लबाच्या या सभागृहात घरून एकेक पदार्थ करून आणलेल्या माझ्या लॉन्सेस्टनकर बंधुभगिनींनो,

तुम्ही आणलेलं जेवण गरम आहे तोवर भाषण आटपतो, असं मी अध्यक्षांना कबूल केलंय. खरं तर मी 'मेरिनबाई' म्हणायला हवं. पण नऊ वर्षांत कधी म्हटलं नाही. आज म्हटलं तर कोण आलं म्हणून तीच मागे वळून बघेल. तसंही तिचं लक्ष माझ्याकडे नाहीये. क्लबाच्या वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर खडूनं लिहिलाय, तिकडे ती आल्यापासून डोळे वटारून बघतेय. असू दे गं, आजचा एक दिवस!

सव्वीस वर्षं तिनं एकच काम केलं. कुठून लोकांची माहिती चोरीला गेली, की कुणाचं काय गेलं ते शोधायचं आणि त्या माणसांना कळवायचं. त्याआधी ती डेव्हनपोर्टच्या वाचनालयात होती. "कुठल्या मुलीनं कुठलं पुस्तक नेलं, हे मी तिच्या आईलाही सांगितलं नाही," असं ती अजून ऐटीत सांगते.

आता माझं सांगतो. मी, डेझ पिअर्सल, तेव्हा एका दवाखान्याचा व्यवस्थापक होतो. आमच्या रुग्णांची माहिती चोरीला गेली. कायद्यानं सगळ्यांना कळवणं भाग होतं, म्हणून मी झटपट अकरा हजार पत्रं छापली. 'आपली पुढील माहिती चोरीला गेली आहे' असं लिहून खाली ती सगळी माहिती. शुक्रवारी दुपारी पत्रं टपालात पडली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चार वाजता, आमच्या मदतीला बोलावलेल्या मेरिननं पत्राचा नमुना वाचला.

"डेझ, ही कुठल्या पत्त्यावर गेली?"

"नोंदीत जो पहिला होता त्यावर."

"आणि ज्यांनी नंतर नवा पत्ता दिला, त्यांचा नवा पत्ता आत छापलायस?"

"छापलाय की. तोही चोरीला गेलाय ना!"

"अरे शहाण्या," ती म्हणाली, "काही बायका घर सोडून का जातात, ठाऊक आहे ना तुला?"

म्हणजे ज्याच्यापासून ती बाई पळाली, त्याच्याच घरी तिचा नवा पत्ता जाणार होता. नवा पत्ता असलेली तीनशे बारा माणसं निघाली. शनिवार-रविवार आम्ही चौघं फोनला चिकटून होतो. मेरिन प्रत्येकाला आधी एवढंच म्हणायची, "आमच्या हातून चूक झालीय. तुम्ही सुरक्षित आहात ना?" आमच्या हातून! चूक निव्वळ माझी होती हो.

रविवारी दुपारी एका बाईनं फोन उचलला. सगळं ऐकून म्हणाली, "माझं पत्र त्याच्या हातात पडेल." मेरिननं गाडी काढली, थेट तिचं बर्नी शहर गाठलं आणि संध्याकाळच्या आत त्या बाईला दोन्ही मुलींसह दुसरीकडे हलवलं. सोमवारी पत्र तिच्या जुन्या घरी पोचलं. मंगळवारी सकाळी तिच्या नवऱ्याची गाडी बर्नीच्या त्या रिकाम्या घरासमोर तासभर उभी होती.

चोर कधी तिच्या दारात गेले नाहीत. नवऱ्याला तिचा पत्ता मी दिला, तोही तिकीट लावून. नऊ वर्षं झाली, अजून माझं मन मला खातं.

ती बाई आज इथे आली आहे का? मला माहीत नाही. मेरिननं मला तिचं नाव सांगितलं नाही, आणि मीही यादी काढून शोधलं नाही. तेवढं मात्र शिकलो. परवा विचारलं, "तिला बोलावलंयस का गं?" तर म्हणाली, "मी कुणाला बोलावलं, हे मी सांगत नसते."

अध्यक्षांचे, क्लबाचे आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर आपण पोटात घालाल, याची खात्री आहे. पण त्या बाई इथे असतील तर त्यांना सांगतो: त्या पत्राखाली सही माझी होती. मला क्षमा करा. उत्तर नको, हातही वर करू नका. फक्त जेवून जा.