घोडी द्यायची न्हाई

—त्या बाजेवर नका बसू, तिची नवार सुटलीय, मधोमध बसलं की माणूस खाली जातं. इकडं या, खुर्चीवर. हां. म्हंजे आण्याचे गोरखभाऊ ते तुमीच. फोनवर नुसतं इंग्रजी नाव येत व्हतं, आमाला वाटलं कुणी पुण्याबिण्याचा शेठ आसंल. आण्यावरनं आलात म्हंजे आळेफाटा, नारायणगाव करत—उन्हाचं लई लांब पडलं की राव. अगं ए, ऐकलं का? चिमणीचं पावणं आलंत, आण्यावरनं. घोडी न्यायला. चहा टाक, दुधाचा टाक—न्हाई ऐकलं वाटतं. चुलीपुढं बसली की तिला कमी ऐकू येतं, आन ऐकायचं नसलं की अजिबातच येत न्हाई. ठकूबाई, आमची मंडळी. असू द्या, येईल चहा. पण पावणं, आदीच सांगून टाकतो, म्हंजे मनात काय राहायला नको—चहा घ्या, जेवून जा, वाटलं तर मुक्काम करा, पण घोडी मिळायची न्हाई. तेवढं सोडून कायबी बोला.

थांबा, मला बोलू द्या, मंग तुमी बोला. तुमच्या मनात काय हाय ते मला ठाऊक हाय. त्या लिलावाच्या ॲपवाल्या कंपनीतल्या पोरीनं सगळं सांगितलंय, सारखा फोन करते. 'भिमाजी सर बोलताय का?' —सर म्हणली मला. जल्मात कुणी म्हणलं न्हवतं, मी जरा सावरूनच बसलो. 'सर, तुमच्या घोडीचा लिलाव पूर्ण झालाय, ज्यांनी घेतली ते थांबलेत, तुम्हाला व्यवहार पाळावा लागेल.' म्हणलं, ताई, कसला व्यवहार? मी कुटं कुणाच्या हातात हात दिला? तर म्हणते, 'सर, तुम्ही अटी मान्य करून बटण दाबलंय.' आता ते बटण दाबल्याबिगर फोन पुढं सरकतच न्हाई, ते तर सगळेच दाबत्यात—वाचतंय कोण? मंग जरा आवाज चढवला तिनं. 'असं बरेच जण करतात सर, माल विकतात आणि मग द्यायचा नाही म्हणतात, आम्ही तुमचं खातं बंद करू.' मी दचकलो. म्हणलं, बँकेतलं? तर न्हाई, ते ॲपवरचं. मंग करा की बाई, आजच्या आज करा म्हणलं.

न्हाई, तुमीच सांगा आता. तुमचं आणं म्हंजे बेल्ह्याच्या शेजारचं, बाजारात तुमची उठबस आसंल. बेल्ह्याला काय रीत हाय? जनावर उभं करायचं. यापारी येतो, दात बगतो, पाठीवर थाप मारतो, उगं नाक मुरडतो. मंग उपरण्याखाली हात घालायचा, त्यानं आपली बोटं दाबायची, भाव कळला—आपण मान हलवली न् हात काढून घेतला. संपलं. तो रागावला न्हाई, मी रागावलो न्हाई, दोघांनी मिळून भजी खाल्ली आन जनावर आपल्या दावणीला. मी तर दर साली नेतो. बैल नेला, गाय नेली, एकदा बोकड नेलता. इकायचं नसतंच वो. भाव काढून आणायचा. घरी येऊन बांधताना त्याच्याकडं बगायची आपली नजर बदलते—कालपतुर नुसतं पेंड खाणारं जनावर, आन आज त्याला भाव हाय. ठकू म्हणते, 'टेम्पोचं भाडं घालवून नुसतं ऐकून येतात.' पण मंग शेजारणीला तीच सांगत बसती, आमच्या गाईला एवढा एवढा आलता म्हणून.

तर मला वाटलं, फोनवरबी तसंच आसंल. हात काढून घ्यायचं बटण असंल कुटंतरी खाली. पप्पूला इचारलंबी—पप्पू म्हंजे माझा पुतण्या, मंचरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं, त्यानंच फोटोबिटो टाकून सगळं भरून दिलं—म्हणलं, बाबा, भाव ऐकून झाला की हात कुटनं काढायचा? तो म्हणला, 'बघू की काका.' आता बघू की म्हणल्यावर माणूस काय समजंल?

काय म्हणता? बेल्ह्यालाच का न्हाई नेली? —नेलती की. म्हंजे, ते सोडा. —बरं, आता घरी आलाच आहात तर सांगतो. नेली, सकाळपासनं उभी केली. लोक यायचे, दात बगायचे, पुढं जायचे. एकाचंबी उपरणं खांद्यावरनं खाली आलं न्हाई. आपण काय मनाला लावून घेतलं न्हाई, पण परत येताना डायव्हरशेजारी बसवंना, मागंच तिच्यापाशी उभा राहिलो कळंबपतुर. घरी आल्यावर ठकूनं इचारलं, काय म्हणतोय बाजार? म्हणलं, आज यापारीच कमी व्हते. ती हसली. म्हणली, 'तुमची ती चिमणी फुकट दिली तरी कोण न्यायचं न्हाई.' आता हे बोलणं मला लागलं, पावणं. खरंच लागलं, म्हणून मंग ॲपवर टाकली. चिमणीवर बोललेलं मला सहन व्हत न्हाई.

कारण तिचा काय दोष हाय, सांगा. शिंगरू व्हती तवा आणली, बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात पळवायची म्हणून. तुमाला काय सांगायचं, तुमीबी शर्यती बगितल्या आसतील—मागं गाड्याला चार बैल, भंडारा उडतोय, स्पीकरवाला बोंबलतोय, आन त्या बैलांच्या पुढं आपली एकटी घोडी. ती पळती म्हणून बैल पळत्यात. पयल्या यात्रेला अशी गेली की स्पीकरवाल्यानं तिचंच नाव धरलं, गाडामालकाचं इसरला. आन ऐन उमेदीत आली, तर शर्यतींवर बंदी. वरसावर वरसं गेली. लोकांनी घोड्या इकल्या, लग्नाच्या वरातीला देऊन टाकल्या, म्या न्हाई दिली. म्हणलं आमची चिमणी घाटातली, ती काय नवरदेव घेऊन बँडपुढं नाचणार? रोज सकाळी वढ्यापतुर पळवून आणायचो. कुणी बगायला न्हाई, शिट्टी मारायला न्हाई, ती आपली पळायची. म्हणलं आज न्हाई उद्या उठंल बंदी. आन उठली की राव—पण तवर हिचं वय निगून गेलं. म्हंजे, अगदीच न्हाई गेलं. पळती अजून. गेल्या यात्रेला धरली पुढं, तर निम्म्या घाटात उभी राहिली, बैल कडेनं निगून गेले म्हणून वाचली. दमली न्हवती हां, उगं थांबली. तिच्या मनात आलं, थांबली.

हे तुमाला सांगायचं न्हवतं. जाऊ द्या, घोडी द्यायचीच न्हाई तर लपवायचं काय? आन फोटो जरा जुना हाय. तुमी नीट बगितला असंल तर दिसलं आसंल, माझी मिशी काळी हाय त्यात.

पण ती लिलावाची सांज, गोरखभाऊ—काय सांगू तुमाला. ओट्यावर सगळी भावकी जमलेली, मधी पाटावर फोन. सुरवातीला बराच येळ काय न्हाई. ठकू आतनं इचारती, 'आलं का कुणी?' आन तेवढ्यात फोन वाजला. आली बोली. मंग तुमची आली. मंग परत. तुमी वाढवली की इकडनं लगीच—तिकडनं, त्या दुसऱ्यानं लगीच वाढवायची. काय जिद्दीचा गडी व्हता तो दुसराबी. तुमी जरा गप बसला की मी आपला दुसऱ्या फोनवरनं पप्पूला म्हणायचो, टाक अजून, टाक अजून—काय टाक म्हंजे? बॅलन्स. बॅलन्स टाक म्हणायचो. संपत आलता.

असं बगू नका राव माझ्याकडं. बरं, पप्पूच व्हता तो. दुकानात बसून दुसऱ्याच्या नावानं बोली लावत व्हता. नुसती भवानी करायला सांगितलं व्हतं मी त्याला, एकच बोली—एकबी आली न्हाई तर भावकी काय म्हणंल? पण तुमी वर वाढवली, आन मला काय सुचंना आनंदानं. म्हणलं वाढव. तुमी अजून वाढवली. जल्मात पयल्यांदा माझ्या चिमणीसाठी कुणीतरी हट्टाला पेटलं व्हतं, मी कसा थांबणार? पप्पूला बजावलं व्हतं, शेवटची आपलीच ठेव, म्हंजे घोडी घरची घरी. आन ऐन टायमाला त्याच्या दुकानात एक बाई आली, मोबाईल हौदात पडला म्हणून रडत. हा तिचा फोन खोलत बसला. इकडं आमच्या फोनवर लिहून आलं, इकली गेली. सगळी भावकी टाळ्या वाजवतीय, आन मी पाटापुढं बसलेला, हात कुटनं काढायचा ते हुडकतोय.

ठकू? ती बाहेर आली पदराला हात पुसत. फोनकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आत गेली. तवाधरनं फारसं बोलतच न्हाई. हरली ना, म्हणून. द्यायची न्हाई हे म्या तिला अजून सांगितलंबी न्हाई—जरा चार दिस मिरवू दे की मला. परवा तर बगतो, गोठ्यात जाऊन चिमणीला गूळ चारत व्हती. म्हणलं, आज काय नवीन? तर म्हणली, 'तुमाला काय करायचंय?' माझी जिरवायला निघाली व्हती, तिचीच जिरली.

हां, तर बोला आता. मी मगाधरनं एकटाच बडबडतोय. शिव्या घालायच्या तर घाला, मी ऐकून घेईन, तुमचा हक्क हाय. तेवढं त्या टेम्पोवाल्याला वर बोलवा, उन्हात बसला आसंल बिचारा, त्यालाबी चहा देऊ. कुटं लावलाय? रस्त्याला का? —मोटरसायकलवर? म्हंजे एकटेच? मोटरसायकलवर घोडी कशी न्यायची भाऊ—

काय? परत सांगा.

न्यायची न्हवतीच.

म्हंजे तुमीबी नुसता भावच करत व्हता. बसल्या बसल्या, फोटो आवडला म्हणून. आन घोडी बांधायला जागाबी न्हाई तुमच्याकडं. अरे देवा—म्हंजे ह्या सगळ्या लिलावात एक द्यायची न्हाई म्हणणारा, एक घ्यायची न्हाई म्हणणारा, आन राहिला तो पप्पू. त्या पोरीनं तुमालाबी फोन केला? सर म्हणली? तुमालाबी सर म्हणली. घेतली न्हाई तर दंड लावीन म्हणली, आन मीच न्हाई म्हणलं तर तुमी सुटता. माझ्या तोंडचं 'न्हाई' ऐकायला यवढ्या उन्हात आलात. आन मी मूर्ख, तुमी टेकायच्या आत न्हाई म्हणून बसलो.

हसू नका. मीबी हसतोय, पण तुमी हसू नका. जरा थांबा. —राग न्हाई आला वो. वाईट वाटलं. द्यायची तर न्हवतीच, पण कुणीतरी मागतंय, यवढ्यावर मी इतके दिस सुखात व्हतो. सकाळी खरारा करताना सांगायचो तिला, आण्याचा माणूस तुझ्यासाठी हट्ट धरून बसलाय. जनावराला काय कळतंय म्हणा. मलाच ऐकायला बरं वाटायचं.

बरं, आसं करा. तुमाला माझा नकार पायजे ना? देतो. कंपनीच्या पोरीला आत्ता फोन लावून सांगतो, भिमाजी नडला, पावण्याची काय चूक न्हाई. खातं करा म्हणावं बंद. पण न्हाई म्हणायला आदी कुणीतरी मागाय पायजे का नको? तेवढं मागा. इथं माझ्यापाशी न्हाई, गोठ्यापाशी चला, चुलीच्या दारासमोर. तिथनं ठकूला ऐकू जातं. एकदाच मागा, मोठ्यांदा, आन मंग खुशाल जावा. यवढं काम करा माझं.

या. ही बगा चिमणी. लावा हात, चावत न्हाई—लई न्हाई चावत. हां, म्हणा आता. हे काय पुटपुटताय, अजून वर. 'घोडी घेतल्याबिगर जायचो न्हाई' म्हणा. —वा. अजून एकदा. दाव्याला हात घाला, सोडल्यासारखं करा, खरं सोडू नका. —न्हाई, पावणं, न्हाई म्हंजे न्हाई, तुमी दुप्पट द्या न्हाईतर चौपट, ह्या घोडीला सबंध तालुक्यात— आली, आली बाहेर. अगं बग, किती गळ घालत्यात हे, मी कवाधरनं सांगतोय—

काय? काय म्हणलीस? 'माझी चिमणी'? तुझी कवापासनं झाली गं?

अगं, मी कुटं देतोय—अगं, ऐक तर— गोरखभाऊ, ते दावं सोडा हातातलं. आदी सोडा. तिच्या हातात चुलीतलं लाकूड हाय, पेटलेलं. आता तिला काय सांगून ऐकू यायचं न्हाई. चहाचं राहू द्या, पुन्यांदा या कवातरी, मंडळीला घेऊन या. तिकडनं नका जाऊ, तिकडनं ती यायलीय, गोठ्याच्या मागनं जा. आदी गाडी चालू करा, रामराम मंग फोनवर करू. निगा, भाऊ, निगा.