बैलगाडीवरून काढलेले चाक

इंदापूर पोलीस ठाणे, दि. २४/०१/१९९७

मी दिपाली बिरू मारकड, वय २० वर्षे, धंदा बालवाडी शिक्षिका, शिक्षण बारावी पास, राहणार माळेगाव बुद्रुक, ता. बारामती, मूळ गाव डाळज, ता. इंदापूर. ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारले तसे सांगते की,

मी वरील ठिकाणी आई सारजा, वडील बिरू व भाऊ नागेश, वय २४, यांच्यासोबत राहण्यास आहे. वडिलांच्या बाबतीत "राहण्यास होते" असे लिहावे लागेल, असे हवालदार साहेबांनी सांगितले. तसे लिहावे.

आमच्या घरात पूर्वी मेंढरे होती. अलीकडे वडील माळेगावचे बागायतदार इंद्रजित मोहनराव देवकर यांची टायरगाडी, म्हणजे रबरी टायरची बैलगाडी, हाकत व हंगामात ऊस कारखान्यावर नेत. भाऊ त्याच मालकांच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे. ही पिकअप साधी नाही. मालकांनी पुण्यात तिचे इंजिन जादा ताकदीचे करून घेतले आहे व चारही चाकांना रुंद टायर बसवले आहेत. तसेच पाचवे चाक स्टेपनी म्हणून होते. मालक व त्यांचे मित्र संध्याकाळी ती रस्त्याला पळवून बघतात, असे मी ऐकले आहे. पाहिलेले नाही.

दिवाळीनंतर टायरगाडीच्या एका चाकाचा टायर चिरत आला. वडील भावाला म्हणाले, "नाग्या, तुजं ते चाक नुसतंच टांगलंय. दे की. ऊस वाळाय लागलाय."

भाऊ म्हणाला, "आबा, मालक बोलतील."

"मालकाचाच ऊस, मालकाचीच गाडी, मालकाचंच चाक. ह्यात चोरी कुठं आली?"

चाकाच्या बोल्टची पाचही भोके जुळली. भोके जुळली म्हणजे चाक जुळले, असे आमच्याकडे सर्वजण धरतात. टायरगाडी एका अंगाला कलून चालू लागली, पण ऊस पोचत होता. तिचे जुने चाक पिकअपला स्टेपनीच्या जागी लावले. ते अरुंद होते व उंचीलाही कमी होते. हे मी पाहिलेले आहे. मालकांना कोणी सांगितले नाही.

मला डी.एड.च्या अर्जासाठी जातीचा दाखला हवा आहे. मूळ गाव इंदापूर तालुक्यात असल्याने तो इथल्या तहसील कचेरीतून काढावा लागतो व प्रतिज्ञापत्रावर वडिलांचा अंगठा लागतो. काल दि. २३ रोजी मालकांनी पाण्याच्या मोटारीचे सामान आणण्यास पिकअप इंदापूरला पाठवली, म्हणून वडील व मी तिच्यातून निघालो. भाऊ धरून तिघेही पुढे केबिनमध्ये बसलो होतो.

लासुर्णे सोडल्यावर मागचे डावे चाक पंक्चर झाले. भावाने जॅक लावून बैलगाडीचे चाक चढवले. गाडी डावीकडे बसली. भाऊ म्हणाला, "आबा, आता म्होरं बैल जुंपायचं का?"

वडील म्हणाले, "तुज्यापरीस बैल शाणं. खड्डा बगून पाय टाकत्यात."

त्यानंतर वडील केबिनमध्ये बसले नाहीत. मागे हौद्यात उजव्या फळीवर जाऊन बसले. "ह्या अंगाला भार आला म्हंजी त्या चाकाला हलकं पडंल," असे म्हणाले. टायरगाडीत उसाच्या मोळ्या अशाच सरकवतात. मी म्हणाले, "आबा, पुढं बसा, वारं लागंल." ते म्हणाले, "वाऱ्याला काय मी नवा हाय व्हय?" माझ्या कागदांची पिशवी त्यांनी उडू नये म्हणून स्वतःच्या मांडीखाली घेतली.

भाऊ गाडी सावकाश चालवत होता. मागून एक एस.टी. आमच्या पुढे गेली. तिच्या कंडक्टरने हात बाहेर काढून "ढकलू का?" असे विचारले. भाऊ हसला, पण वेग वाढवला नाही. हे लिहावे.

निमगाव केतकीच्या पुढे मी घड्याळ पाहिले. कचेरीत प्रतिज्ञापत्रे दुपारी दोनपर्यंतच घेतात, हे वडिलांना मीच घरी सांगितले होते. त्यांनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली व ओरडले, "नाग्या, पोरीची कचेरी मिटंल! चालीव जरा!" भावाने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहत होते. मग त्याने पाय दाबला. ती गाडी "जरा" म्हटले म्हणून जराच पळत नाही.

थोड्या वेळाने मोठा आवाज झाला. गाडी डावीकडे ओढली गेली व मोरीच्या दगडाला अडली. मला कपाळाला खोक पडली. मी मागे पाहिले तेव्हा हौद्यात कोणी नव्हते. पिशवी तिथेच होती.

वडील रस्त्याच्या उजव्या कडेला पडलेले होते. भावाने त्यांना एका जीपमधून इंदापूरला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून मयत असल्याचे सांगितले. रस्त्यातच गेले असावेत असे म्हणाले. जीपमध्ये त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. ते नेमके केव्हा गेले हे मला सांगता येणार नाही.

समोरून काही आडवे आले काय, असे मला पुन्हा पुन्हा विचारले. रात्री दवाखान्यात आईने मला बाजूला घेऊन सांगितले, "म्हस आडवी आली म्हन. म्हशीला कोन धरून न्हेतंय? आबा गेलं, नाग्याला तरी ऱ्हाऊ दे. घरात तूच येक शिकलीस, तुजंच लिवून घेनार." भावाने वेगळे सांगितले. तो म्हणाला, "चाक मी येकट्यानं काढलं म्हन. मेल्यावर आबाला चोर करू नगं."

रस्ता मोकळा होता. चाक वडील व भाऊ यांनी मिळून बदलले. आई व भाऊ, दोघांपैकी कोणी सांगितले तसे मी सांगू शकत नाही.

गाडी पळवण्यास वडिलांनी सांगितले हे लिहून भावाच्या केसमध्ये फरक पडणार नाही, गाडी त्याच्या हातात होती, असे हवालदार साहेब म्हणाले. तरी ते वाक्य ठेवावे अशी मी विनंती केली.

मालक आज सकाळी ठाण्यात आले होते. "माझी चांगली स्टेपनी गेली कुठं?" असे त्यांनी माझ्यासमोर विचारले. ती टायरगाडीलाच आहे. वडिलांच्या जागी जोतीराम नावाचा गडी आज तीच गाडी घेऊन कारखान्यावर गेला आहे.

हा जबाब मी बोलले तसा उतरवला आहे. मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, तो खरा व बरोबर आहे. सही करण्यापूर्वी आईने दारातून विचारले, "म्हस लिवली का गं?" म्हणून मी पहिल्या ओळीपासून पुन्हा एकदा वाचला. रस्त्यावर म्हैस कुठे नाही. सही करीत आहे.

दिपाली बिरू मारकड