मावशींचा अर्ज

तुम्ही मला अजून डॉक्टर म्हणता ना, मग हे ऐका. मावशी आता ठणठणीत आहेत, म्हणून सांगतोय.

इकडच्या हिंदी मुलखातल्या सरकारी हॉस्पिटलचा अधीक्षक होऊन मला वर्ष झालं होतं. दाना ओली मोहल्ल्यातल्या सुमनमावशी, वीस वर्षांपासूनच्या माझ्या पेशंट, एका सकाळी थेट ऑफिसात आल्या. मी फाइलींत बुडालेलो. मान वर न करताच म्हणालो, "मावशी, जे काही असेल ते लिहून द्या. इथे तोंडी चालत नाही."

बिचाऱ्या बाहेर बाकावर बसून अर्ज लिहून घेऊन आल्या. मी तो वाचलाही नाही. 'उचित कार्यवाही हेतु' असा शेरा मारून सही ठोकली आणि ऑफिसातल्या कारकुनाकडे, बाबूंकडे दिला.

पाच मिनिटांत बाबू परत. "सर, ये कौन से विभाग में भेजें?"

तेव्हा वाचला. 'महोदय, दो दिन से सीढ़ी चढ़ने में साँस फूलती है. कृपया देख लें.'

तो कागद हातात घेऊन तसाच बाहेर धावलो. मावशी बाकावरच होत्या. नाडी बघायला हात पुढे केला, तर त्यांना वाटलं, मी अर्ज परत देतोय.

"सही झाली का रे? मग आता कोणत्या डॉक्टरला दाखवू?"