थोरलीची गादी

महाडच्या एसटी स्टँडवर, पोलादपूरच्या रांगेत, सोनालीच्या पुढे दोन म्हातारे उभे होते.

"नात झाली म्हणतोस, गोमाजी, मग तोंड का पाडलंस?"

"तिसरी हाय, जलीलभाई."

"मी डेन्मार्कच्या जहाजावर कुक होतो. तिथल्या राजालाही तीन मुलीच. लोकांनी कायदा बदलून थोरलीला गादी दिली. बावन्न वर्षं राज्य केलं तिनं."

"लोकांनी मानलं तिला?"

"डोक्यावर घेतलं. जहाजावरचा तिचा फोटो बघूनच मी माझ्या तिघींना शिकवलं. सून सुखरूप हाय ना?"

"अडली होती. डॉक्टरीणबाईंनी दोघींना वाचवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाय."

"तसनीम. माझी तिसरी."

 गोमाजी सोनालीकडे वळला.

"पोरी, माझा नंबर धर गो. वाटायला जिलेबी घ्यायची राहिली."